सगळी आळी हुसेनचाचांच्या नावावर

आमच्या आळीत तुम्ही कुणालाही फोन लावा, कंपनीच्या लेखी तो हुसेनचाचांनाच लागतो. मासळी विकणाऱ्या सखुमावशींना लावा, दूध डेअरीवाल्या बबनरावांना लावा, नाहीतर हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या मला लावा. बोलणारं तोंड आमचं असतं. पण देशभर पसरलेल्या त्या भल्यामोठ्या फोन कंपनीच्या कॉम्प्युटरात आम्ही सगळे मिळून एकच माणूस आहोत. हुसेन शेख, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, धंदा सायकल दुरुस्ती.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की चाचा काहीतरी काळे धंदे करतात. काळे त्यांचे फक्त हात असतात, तेही चेनच्या ग्रीसनं.

काही वर्षांपूर्वी कंपनीची पोरं आठवडी बाजारात रंगीत छत्री लावून सिमकार्डं विकायला बसायची. सिम हवं तर कागद द्या म्हणायची, आणि आमच्या आळीत कागदांचीच बोंब. कुणाचं रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, कुणाच्या आधारकार्डावर नवऱ्याच्या जागी भावाचं नाव, कुणाचे कागद उंदरांनी खाल्लेले. कागद पक्के होते ते फक्त हुसेनचाचांचे, कारण त्यांच्याकडे पासपोर्ट होता. दुबईला नोकरीला लावतो असं सांगून एका एजंटानं त्यांच्याकडून सगळे कागद करवून घेतले होते. पुढं एजंट गायब झाला आणि चाचा अंथुर्ण्यातच राहिले. पण कागद राहिले ना! शिवाय इंदापूरच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोंचा एक गठ्ठाही राहिला. त्या फोटोत चाचांच्या अंगात स्टुडिओचा कोट आहे आणि गळ्यात लाल टाय.

त्या गठ्ठ्यातला एकेक फोटो आणि पासपोर्टची एकेक झेरॉक्स चाचांनी आळीभर वाटली. ज्यानं मागितली त्याला दिली. "कागद पक्का पायजे," ते म्हणायचे, "मानूस कच्चा आसला तरी चालतंय." तर असं झालं आणि आमच्या आळीतल्या झाडून साऱ्या बायका कंपनीच्या दप्तरी लाल टाय लावून बसल्या.

मला सिम मिळालं ते असंच. मी पळसदेवची. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझे कागद माहेरच्या नावाचे होते आणि नवऱ्याचे वालचंदनगरच्या क्वार्टरच्या पत्त्याचे. तिकडं पळसदेवला आई आजारी. नव्या नवरीनं रोज उठून दुसऱ्याचा फोन मागायचा म्हणजे किती अवघड ते ज्यानं मागितलाय त्यालाच कळेल. मी चाचांच्या दुकानासमोर दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

"काय पायजे पोरी? सायकल तर दिसत न्हाय."

मी सांगितलं. त्यांनी हात पुसले, आत गेले आणि फोटो-झेरॉक्स घेऊन आले. "आई आजारी म्हनल्यावर फोन पायजेच," एवढंच बोलले. माझं नावसुद्धा त्यांनी नंतर कधीतरी विचारलं. पुढं मी शाळेत लागले तशी त्यांच्या तोंडी मी 'बाई' झाले, ती आजतागायत.

आता, दुसऱ्याच्या नावावर फोन चालवायचा तर थोडी तयारी लागते. कंपनी अधूनमधून खात्री करून घ्यायला फोन करते. म्हणून चाचांनी सगळ्या आळीकडून धडा पाठ करून घेतला होता. जन्मतारीख एक जून. ही हेडमास्तरांनी घातलेली. आमच्याकडं निम्मा तालुका एक जूनला जन्मला आहे. वडिलांचं नाव बाबूलाल. आणि कोण बोलतंय असं विचारलं की न चाचरता सांगायचं, "मी स्वता."

एकदा बाजारात सखुमावशी चिलापी तोलत असताना कंपनीचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली, "क्या मैं हुसेन शेख जी से बात कर रही हूँ?"

"व्हय. मी स्वता."

"सर, आपकी आवाज..."

"सर्दी झालीया," सखुमावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाला दटावलं, "डोकं वायलं मागू नगंस, डोक्यासकट घ्यायचा!" पलीकडच्या मुलीनं हुसेनजींना शुभ दिवस चिंतला.

खुद्द चाचा मात्र कंपनीशी बोलायला कधी घाई करत नाहीत. कुणाचं नेट चालत नाही, कुणाचा बॅलन्स आपोआप गळतो, कुणाला न मागितलेले भविष्याचे मेसेज येतात. तक्रार कुणाचीही असो, करायची चाचांनीच, कारण मालक ते. मग चाचा दुकानाच्या ओट्यावर बसतात, मांडीवर चाक घेतात, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवतात आणि आऱ्या आवळत राहतात. फोनमधून वाद्य वाजत असतं. मधूनच एक बाई सांगते की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "व्हय व्हय, सावकाश येऊ द्या," चाचा तिला उत्तर देतात. ते मशीन आहे असं मी त्यांना सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाले, "मशीन आसलं म्हनून काय झालं, चांगलं बोलतंय की."

आणि एकदाचं खरं माणूस फोनवर आलं की चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बेटी, जेवन हुआ क्या?"

तक्रार नंतर. आधी जेवण. मग गाव कुठलं, घरी कोण असतं, पाऊस झाला का. त्या मुलींना कागदावर लिहून दिलेलं बोलायचं असतं, त्यात ह्या प्रश्नाचं उत्तर नसतं. आधी त्या गोंधळतात. मग हळूच सांगतात की नाही, अजून नाही जेवले, सुट्टी व्हायची आहे. एक पाटण्याची मुलगी तर चाचांना आईच्या गुडघ्याबद्दल सांगत बसली आणि चाचांनी तिला निरगुडीचा पाला सुचवला. आश्चर्य म्हणजे शेवटी तक्रारही दूर होते. बहुतेक वेळा. "कंपनी बी मानसंच चालवत्यात, बाई," चाचा मला समजावतात.

मला समजावतात, कारण माझी रीत वेगळी. माझ्या नाकावर राग असतो. मी फोन लावते तोच भांडायला. ग्राहकाचे हक्क, सेवेतली त्रुटी, वरिष्ठांना जोडा, नाव सांगा तुमचं. ही सगळी शुद्ध वाक्यं मी पूर्ण करेपर्यंत पलीकडून वाद्य सुरू झालेलं असतं. माझं नेट बंद पडलं की मी अर्धा तास खर्ची घालून घसा बसवून घेते, आणि मग गुपचूप चाचांच्या ओट्यावर जाते.

त्या ओट्याचंही एक सांगायला हवं. आमच्या आळीत फोनची रेंज धड कुठं लागत असेल तर ती तिथंच. घरात बोलायला गेलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि तुटतो. म्हणून कुणाला महत्त्वाचं बोलायचं असलं की तो ओट्यावर येणार. पोरींची लग्नं, बाळंतपणं, जमिनीचे वाद, सगळं त्या ओट्यावर बोललं गेलंय. तुम्ही म्हणाल चाचांना आळीतलं सगळं माहीत असेल. काही माहीत नाही. कुणी बोलायला बसलं की चाचा उठून आत जातात आणि हातोडीनं रिम ठोकायला लागतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा तिथून आईला फोन लावला तेव्हा मला हुंदका आवरेना. आणि नेमका त्याच वेळी चाचांनी आत एवढा दणदणाट चालवला की मला त्यांचा रागच आला. म्हातारा धड बोलूही देत नाही, असं आईला म्हणालेसुद्धा. पुढं आळीत दुसरी नवी नवरी आली. ती ओट्यावर बसून रडायला लागली, आत दणदणाट सुरू झाला, आणि माझ्या लक्षात आलं की चाचांच्या हातात ठोकायला रिमच नव्हती. ते रिकामा पत्रा बडवत होते. रडणारीला कुणी ऐकतंय असं वाटू नये म्हणून. तेव्हापासून मी ह्या माणसाची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना अजून तोंडानं सांगितलेलं नाही.

चाचांचं सगळ्यांशी जमतं, फक्त बबनरावांशी नाही. बबनराव आळीच्या तोंडाशी राहतात, दारात म्हशी, मिशीला पीळ. एकदा त्यांच्या म्हशीनं चाचांच्या दुकानात टांगलेली कोरी सीट चघळून टाकली. चाचा म्हणाले, "बबनराव, म्हशीला जरा वळन लावा." झालं. म्हशीचं वळण काढलं म्हणजे खानदानाचं काढलं, असं बबनरावांनी धरलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. पण सिम चाचांच्या नावावर! त्यामुळे भांडण धड भांडताही येईना.

मध्यंतरी कंपनीनं कुणी न मागता बबनरावांच्या फोनवर एक गाणं बसवून दिलं. फोन लावणाऱ्याला आधी ते ऐकावं लागायचं. गाणं म्हणजे 'ये ना साजणी' छापाचं, उसासे टाकणारं. तेव्हा बबनरावांच्या मुलाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि मुलीकडचे आजोबा फोन लावत होते. बबनराव बायकोला घेऊन आले, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले आणि तिला मोठ्यानं म्हणाले, "सांग त्यास्नी, गानं काढा म्हनावं."

चाचा इकडून तिलाच म्हणाले, "सांग त्यास्नी, गानं चांगलं हाय, पर काढतो."

त्यांनी फोन लावला. कंपनीची मुलगी फोनवर आली, जेवली होती. चाचा म्हणाले, "बेटी, ह्ये गानं आमच्या म्हशीवाल्या भावाला शोभत न्हाय." गाणं गेलं, सोयरीक जमली. बबनरावांनी लग्नाची पत्रिका बायकोच्या हातून पाठवली.

असं सगळं सुखानं चाललं होतं. पण ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये म्हणतात, ते खोटं नाही. एके दिवशी आळीतल्या सगळ्या फोनांवर एकदम इंग्रजी मेसेज आला. चाचा फोन घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे. मी वाचला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका माणसाच्या नावावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त नंबर चालणार नाहीत. ज्याचा त्यानं आपापल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर महिनाअखेर जास्तीचे सगळे नंबर बंद.

आता नंबर बंद म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बँक त्या नंबरावर, गॅस त्या नंबरावर, रेशन त्या नंबरावर. पण खरी कुऱ्हाड होती ती सखुमावशींवर. त्यांचा सगळा धंदा फोनवर. हायवेवरचे ढाबेवाले सकाळी फोन करून मासळी सांगतात, मावशी पळसदेवहून आणून पोचवतात. स्कूटीच्या पेटीवर त्यांनी आपला नंबर पेंटरकडून लाल रंगात रंगवून घेतला आहे, वर मासा, खाली नंबर. नंबर गेला की गिऱ्हाईक गेलं. नवरा नाही, लेक नर्सिंगच्या शिक्षणाला पुण्यात. मावशी ओट्यावर येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना गप्प बसलेलं पाहिलं.

चाचांनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. "माझ्या नावापायी लोकांचा घास जानार," असं पुटपुटत बसले. मग त्यांनी कंपनीला फोन लावला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही, तेव्हाच मला कळलं की माणूस घाबरलाय. म्हणाले, "बेटी, मेरा नंबर बंद करो. उनका रहने दो." मुलीनं सांगितलं की तसं करता येत नाही. मालकानं स्वतः, ज्याला नंबर द्यायचा त्याला बरोबर घेऊन, बारामतीच्या ऑफिसात यायला हवं.

मग काय, एव्हाना ज्याचे त्याचे कागद दुरुस्त झालेले होते, ते घेऊन निघाली वरात. गाडी एकच होती, बबनरावांच्या डेअरीचा पिकअप. मागं दुधाच्या कॅनांच्या जागी आळी. पुढं स्टिअरिंगवर बबनराव, दाराशी चाचा, आणि दोघांची नजरानजर होऊ नये म्हणून मध्ये सखुमावशी. मी मावशींना चिकटून अर्धी हवेत. भवानीनगर मागं पडलं तरी कुणी बोलेना. शेवटी चाचा मावशींना म्हणाले, "सांग त्यास्नी, खड्डं बघून चालवा." बबनराव मावशींना म्हणाले, "सांग त्यास्नी, खड्डं कंत्राटदारानं केल्यात, म्या न्हाय." मावशी म्हणाल्या, "तुमी दोघं मेल्यावं मला सांगा, मी दोघांस्नी बी निरोप देती."

कंपनीचं बारामतीचं ऑफिस म्हणजे काचेची पेटी. आत गारवा, हसऱ्या माणसांची मोठमोठी चित्रं, आणि काउंटरमागं एक न हसणारी मुलगी. आमचा नंबर यायला दुपार कलली. तिनं आमच्याकडं आणि आमच्या मागच्या गर्दीकडं पाहिलं.

"हे सगळे घरातले आहेत का? नंबर घरातल्याच माणसाच्या नावावर होतो. बाहेरच्यांसाठी नाही."

माझा राग उफाळला. "हे आधी सांगायला काय झालं होतं? फोनवर सांगितलं बारामतीला या, इथं सांगता घरातलेच पाहिजेत. आम्ही ग्राहक आहोत की कोण आहोत? मला तुमच्या साहेबांना भेटायचंय!"

"मॅडम, सिस्टिम घेत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला. माझ्या वर्गात फळ्यासमोर उभी केलेली पोरं असाच चेहरा करतात.

"बाई, तुमी जरा गप बसा," चाचा म्हणाले. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच असं बोलले. मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून खाली वाकले. "बाळ, जेवलीस का?"

मुलीनं नुसतं खाली पाहिलं. मीही वाकून पाहिलं, तर पायाशी डबा, तसाच बंद.

"आदी जेवून घी. आमी थांबतो. आमी काय, बसूनच हाय."

मागची रांग कुरकुरली. सखुमावशी वळल्या आणि रांगेकडं नुसतं बघितलं. मासळीबाजारात तयार झालेली नजर ती. रांग गप्प झाली. मुलगी डबा घेऊन आत गेली. परत आली तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं आणि आवाज बदलला होता.

"आजोबा, खरं सांगू? 'शेजारी' असा पर्याय माझ्याकडं नाही. फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पत्नी. कागदपत्रं सगळ्यांची मी बघून घेते, अंगठे घेते. नातं मात्र तुम्ही सांगायचं. तुम्ही जे सांगाल ते मी टाकणार."

आम्हाला वाटलं, सुटलो! पण चाचा मागं सरले. "खोटं न्हाय लिवनार. सिम म्या माझ्या नावावर घेतली, त्ये मला ठावं हुतं, कंपनीच्या पोरांस्नी बी ठावं हुतं. आता कंपनीनं तोंडावर इचारल्यावं खोटं कसं सांगू? कागद पक्का पायजे."

घ्या! ह्याच माणसानं सखुमावशींना सर्दी झालेला हुसेन केलं होतं. पण चाचांचा हिशेब वेगळा. आपलं नाव दुसऱ्याला देणं म्हणजे मदत, आणि दुसऱ्याचं नातं आपण घेणं म्हणजे चोरी. त्यांना ते पटेना. मी समजावलं, मावशींनी हात जोडले. "मावशे, तुझ्यासाठी जीव दीन," चाचा म्हणाले, "पर ह्ये न्हाय." मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळ व्हायला आली होती, महिना संपत आला होता, आणि आमची सगळ्यांची तोंडं एका म्हाताऱ्याच्या सचोटीपायी बंद व्हायची वेळ आली होती.

तेव्हा मागून आवाज आला. "भाऊ लिव्हा."

बबनराव होते. मिशीचा पीळ सोडून काउंटरपाशी आले. चाचांकडं पाहिलं नाही, मुलीकडंच पाहत म्हणाले, "माझ्या पोराची सोयरीक ह्या मानसानं जमवली. माझ्या फोनचं सगळं ह्यांनीच केलं, मी रस्त्यापल्याड हुबा ऱ्हायलो तरी. मला दुसरा भाऊ न्हाय. लिव्हा तुमी. खोटं आसलं तर पाप माझ्याकडं."

मुलगी गोंधळली. चाचा शेख आणि बबनरावांच्या कागदावर तर पाटील. तिनं विचारलं, "सख्खे का?"

चाचा बबनरावांकडं बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "सख्खं. म्हनून तर बोलत न्हाय."

मुलगी हसली. त्या भिंतीवरच्या चित्रांपेक्षा किती तरी चांगलं हसली. तिनं बटण दाबलं.

त्यानंतर धरण फुटल्यासारखं झालं. सखुमावशी बहीण झाल्या. त्यांच्या नंबराचं काम झालं तेव्हा त्यांनी स्क्रीनलाच नमस्कार केला आणि मुलीला म्हणाल्या, "अंथुर्ण्याला ये, तुला डोक्याबिगर मासा देती." कुणी मुलगा झाला, कुणी दुसरा भाऊ. चाचा प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून नातं सांगत होते. सकाळी एकटाच असलेला माणूस संध्याकाळी केवढ्या खटल्याचा झाला होता.

माझी पाळी आली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, आणि चाचा एकदम घाईनं म्हणाले, "ह्या बाई हायत, शाळंत शिकिवत्यात. ह्यांचं आई-बाप पळसदेवला हायत, चांगली मानसं हायत. त्यांचा मान त्यांचा. ह्यांच्यापुढं दुसरं कायतरी लिव्ह."

"मुलगी लिहा," मी म्हणाले.

"बाई..."

"मी माझ्या आईशी बोलू शकले ते ह्यांच्यामुळं," मी त्या मुलीला सांगितलं. "आई बरी झाली तेव्हा पहिला फोन ह्यांच्या ओट्यावर घेतला मी. ह्यांनी आत जाऊन पत्रा बडवला. तुम्ही मुलगी लिहा." माझा आवाज भांडायला लागल्यासारखाच चढला होता, पण ह्या वेळी मला कुणाशी भांडायचं नव्हतं. चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलीनं लिहिलं.

सगळ्यांचं उरकलं. चाचांच्या नावावर आता एकच नंबर उरला, त्यांचा स्वतःचा.

"आजोबा, तुमची माहितीही नवी करून टाकते," मुलगी म्हणाली. "घरातल्या कुणाचा तरी एक नंबर सांगा. तुमचा लागला नाही तर कंपनी त्याच्यावर फोन करेल."

चाचा काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "त्ये रिकामं सोड, बाळ."

"रिकामं घेत नाही सिस्टिम."

"न्हाय कुनी," ते म्हणाले. "चाची आसती तर तिचा दिला आसता. मूलबाळ न्हाय. ती गेल्यापास्नं मला कंपनीबिगर कुनाचा फोनच येत न्हाय. तुमच्याच पोरी येत्यात बोलायला. चांगल्या बोलत्यात."

दिवसभर त्यांच्या ओट्यावर आळी बोलत बसायची, पण जो तो आपापल्या माणसाशी. ओट्याच्या मालकाला बोलायला कुणी नव्हतं. पाटण्याच्या मुलीच्या आईचा गुडघा, कुणाचं गाव, कुणाचा पाऊस, ते सगळं तक्रार लवकर सुटावी म्हणून विचारलेलं नव्हतं.

मग बबनरावांनी आपला नंबर म्हणायला सुरुवात केली. त्यांचा संपायच्या आत सखुमावशींनी आपला सुरू केला. मागून आणखी चार जण आपापले आकडे ओरडू लागले. मुलीनं दोन्ही हात वर केले.

"अहो, एकच बसतो! एकच!"

"माझा घ्या. सख्खा भाऊ हाय मी," बबनराव म्हणाले.

"तुमी म्हशीच्या धारंला बसला की उचलनार न्हाय," चाचा म्हणाले. इतक्या वर्षांनी ते थेट बबनरावांशी बोलले होते, मध्ये कुणी नव्हतं. मग त्यांनी मुलीकडं वळून हलकेच सांगितलं, "बाईंचा घाल. रागीट हायत, पर फोन उचलत्यात."

"नातं?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मुलीकडं. "मगाशी टाकलंस की," ते म्हणाले. "त्येच."

"नंबर सांगा मॅडम," ती म्हणाली. मी तोंड उघडलं आणि मला माझाच नंबर आठवेना. शेवटी तो चाचांनीच सांगितला, एकही आकडा न अडखळता.